एकशे एक ताप

३ डिसेंबर, बुधवार

सहा पायलटांनी आज कंपनीला लिहून दिलं — ढगात बर्फ असेल तर डोंगरापलीकडची फेरी उडवणार नाही! सहांमधली एक आमची नात. आणि कोणी कुठल्या दिवशी उडायचं हे ठरवणाऱ्या खुर्चीवर कोण? तिचा बाप. म्हणजे माझा मुलगा. मोर्चाही आमच्या घरचा, लाठीही आमच्याच घरची.

जेवताना दोघं समोरासमोर बसले होते. मी मधे, भाजीच्या पातेल्यासारखी.

नातीने मला समजावून सांगितलं. पंखाच्या पुढच्या कडेला काळ्या रबराची पट्टी असते. बर्फ चढला की पट्टीत हवा सोडायची, ती फुगते, बर्फ तडकतो आणि उडून जातो. यांच्या तीन विमानांच्या पट्ट्यांना ठिगळं लावलीत. अर्धी पट्टी फुगते, अर्धी झोपून राहते.

मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांसारखी.

"आजी, गुडघा अडला तर तू ओट्याला धरतेस. मी वर कशाला धरू?"

मुलगा ताटातून मान वर न काढता म्हणाला, "पट्ट्या कागदावर पास आहेत."

"बाबा, कागद पंखाला लावून उडता येत नाही."

भाजी मात्र दोघांनीही दोनदा घेतली. भांडणात भूक बरी लागते या घराला.

४ डिसेंबर, गुरुवार

कंपनीच्या दारावर हातभर मोठी पाटी आहे म्हणे — 'सुरक्षा सर्वांत आधी'. पाटीवर धूळ इतकी की 'सर्वांत' दिसतच नाही.

६ डिसेंबर, शनिवार

यांच्या मोठ्या साहेबाचं मी नाव ठेवलंय गोडबोल्या. माणूस असा की गळा कापताना विचारेल, टोचत नाही ना? त्याने सहाही जणांना एकेक करून खोलीत बोलावलं. सगळ्यांना एकदम बोलावलं असतं तर ते सहा झाले असते ना. एकेकटा माणूस म्हणजे काय, अर्धाच.

नातीला म्हणाला, "तू आमच्या मुलीसारखी आहेस. जरासा बर्फ सगळेच सहन करतात."

नात म्हणाली, "सर, मग तुमच्या मुलीला आणि तुम्हाला घेऊन जाते उद्या. खिडकीजवळची जागा देते."

शाबास! ही जीभ कुणावर गेली ते वेगळं सांगायला नको.

जरासा बर्फ! मी बावीस वर्षं शीतगृहात काढली. पाइपांवरचा बर्फ खरवडायचं काम होतं माझं. पांढरा भुसभुशीत बर्फ बिचारा गरीब, लांबून दिसतो. खरा हरामखोर तो काचेसारखा. डोळ्याला पाइप कोरडा ठणठणीत दिसतो, आणि हात लावावा तर बोटभर जाडी! आमचा मुकादम सांगायचा, हातमोजा काढा आणि हात लावा, डोळे घरी ठेवून या. नात लहान असताना हे मी तिला दहा वेळा सांगितलं असेल. आता ती म्हणते विमानालाही तेच करतात — उडण्याआधी उघड्या हाताने पंख चाचपायचा. एवढं शिकून, परदेशी परीक्षा देऊन शेवटी काय? आजीचंच काम. फक्त टोपी चांगली आहे.

पण जमिनीवरचा बर्फ हाताला लागतो. ढगातला कसा चाचपणार? तिथे ती पट्टीच हात. आणि हातच लुळा.

आणखी एक गंमत. उडायला नाही म्हटलं तर फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणांचे रकाने — आजारी, रजा, घरगुती अडचण. बर्फाचा रकानाच नाही! हे सहा जण समासात हाताने लिहितात 'बर्फ' आणि सही करतात. त्यांनी सरकारी तपासनीसाला पत्र घातलंय, तो सतरा तारखेला येणार. त्याने आधीच सांगितलंय, तोंडी रडगाणं नको, कुणी कधी बर्फामुळे नाही म्हटलं ते कागदावर दाखवा. गोडबोल्याला म्हणून घाई — समासात काही उरायला नको.

८ डिसेंबर, सोमवार

पाचांनी एकेकदा 'बर्फ' लिहून दिलं. गोडबोल्याने दम दिलाय, यापुढे जो लिहील त्याची नोकरी गेली. उद्याची फेरी नातीची आहे. डोंगरावर दोन दिवस ढग बसलेत, उठायचं नाव नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज मी पोरीला वाचवलं!

सकाळी तिने बापाबरोबर चहा घेतला, तो कामावर गेला. ही वर गच्चीवर जाऊन डोंगराकडे बघत बसली. फोन खालीच राहिला, तो वाजला. बघते तर माझाच मुलगा, पण ऑफिसातल्या आवाजात! घरात 'आई, चहा' म्हणणारा माणूस तिकडे गेला की बँकेच्या नोटिशीसारखा बोलतो.

"कॅप्टन आहेत का? दुपारच्या फेरीसाठी येत आहेत की नाही, ते नोंदवायचं आहे."

नाही म्हणाली तर गोडबोल्या नोकरीवरून काढणार. हो म्हणाली तर ढगात जाणार. मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. शीतगृहात असताना घरी पोरगा आजारी पडला, लग्न आलं, नुसतं अंग मोडलं — मुकादमाला एकच सांगायचं.

"ताप आलाय तिला," मी म्हटलं.

दोन तासांपूर्वी त्याच पोरीने त्याच्या बशीतलं बिस्किट पळवलं होतं.

"किती आहे?"

"एकशे एक."

"ठीक आहे. आजारी अशी नोंद करतो."

फोन ठेवला. दोघंही खोटं बोललो, दोघांनाही कळलं, आणि काम झालं. कुटुंब म्हणतात ते हेच. मी निवांत भाजी चिरायला बसले.

ती खाली आल्यावर सांगितलं. वाटलं गळ्यात पडेल. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

"आजी, काय केलंस तू?"

१० डिसेंबर, बुधवार

काय केलं ते आता कळलं.

सहा जणांनी ठरवलं होतं — प्रत्येकाने निदान एकदा स्वतःच्या हाताने 'बर्फ' लिहायचं. पाच झाले, सहावी ही. आता हिच्या नावापुढे 'आजारी'. ती कालच धावत ऑफिसात गेली होती, पण नोंद झाली होती आणि फेरी दुसऱ्याला दिली होती. कंपनीने दोन आठवड्यांसाठी एक पायलट बाहेरून उसना आणलाय. तो गेला. एकवीस माणसं घेऊन गेला आणि आलाही सुखरूप.

झालं! गोडबोल्याने नोटीस लावली — 'त्याच विमानाने, त्याच मार्गाने, त्याच हवेत फेरी सुरळीत पार पडली. काही सहकारी अकारण भीती पसरवत आहेत.' उसन्याला आभाराचं पत्र, या सहांना 'अकारण'.

न झालेला अपघात कसा दाखवणार? बर्फ दाखवावा तर वितळून गेलेला. शीतगृहातही तेच. बावीस वर्षांत पाइप फुटला नाही म्हणून कुणी मला हार घातला नाही. एकदा फुटला असता तर सगळे म्हणाले असते, बाई झोपली होती.

बाकीच्या पाचांतला एक तिला फोनवर म्हणाला, "सरळ सांगायचं होतंस ना घाबरलीस म्हणून." ती घाबरली म्हणे! ती!

मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उत्तर द्यायला मला कधी कमी पडलंय?

११ डिसेंबर, गुरुवार

बोलत नाही. ताट घेते, ताट धुते. भाडेकरूसुद्धा 'येतो हं' म्हणतो.

१३ डिसेंबर, शनिवार

आज दुपारी दाराशी एक पोरगा. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी.

"कॅप्टन मॅडम इथेच राहतात ना? आता कसं आहे त्यांना? त्यांच्या जागी मंगळवारी मीच गेलो होतो."

उसना पायलट! आजाऱ्याला बघायला आला होता. संत्री घेऊन! मला म्हणतो, "आजी, एकशे एक म्हणजे अंगावर काढू नका हां." जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नाही.

नात बाहेर आली. ठणठणीत. त्याने तिच्याकडे बघितलं, मग संत्र्यांकडे.

"मला ताप नव्हता," ती म्हणाली. "त्या विमानाची पट्टी फुगत नाही. मी नाही म्हणणार होते."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला.

मग त्याने सांगितलं. ढगात शिरला आणि पाच मिनिटांत पंख पांढरे झाले. पट्टीचं बटण दाबलं. डावीकडचा बर्फ तडकून उडाला, उजवीकडचा तसाच. विमान उजव्या अंगावर कलायला लागलं, जसं कुणी त्या बाजूला लोंबकळतंय. मागे एक बाळ रडत होतं ते त्याला ऐकू येत होतं. त्याने विमान खाली खाली नेलं, दरीच्या बाजूने, गरम हवा लागेपर्यंत. बर्फ सुटला तेव्हा खाली घरांची कौलं मोजता येत होती.

"लिहिलंस?" नातीने विचारलं.

"साहेब म्हणाले, सुखरूप उतरलास ना, मग लिहायचं काय? मी 'सुरळीत' म्हणून सही केली. मला पुढच्या महिन्यात पक्कं करणार आहेत." मग म्हणाला, "तुम्ही बर्फामुळे नाही म्हणालात एवढं जरी कळलं असतं ना मॅडम, तर मी पाय ठेवला नसता. मला सांगितलं, कॅप्टन आजारी आहेत. आजारी माणसाच्या जागी कुणीही जातो हो."

मी तिथेच होते. उभी. पदराला हात पुसत, कोरडे हात.

तेवढ्यात आतल्या खोलीतून माझा मुलगा आला. सगळं ऐकलं होतं त्याने. पोरगा ताडकन उठून म्हणाला, "सर!" मुलगा टेबलाकडे बघून म्हणाला, "संत्री चांगली दिसतायत." आणि चपला घालून बाहेर गेला.

एवढं शिकवून-सवरून वाढवलं. संत्री चांगली आहेत म्हणे!

१४ डिसेंबर, रविवार

त्याला गाठलं. दाढी करत होता. म्हटलं बरं आहे, तोंडाला फेस आहे तोवर मधे बोलणार नाही.

"सतरा तारखेला मी जाणार तपासनीसाकडे. सांगणार, ताप नव्हता, मी खोटं बोलले."

"आई, तू कशाला यात पडतेस?"

"पडलेच आहे. आता उठायचं बघतेय. आणि तूही सांग. तुला माहीत होतं."

"मी ऐकलं ते लिहिलं."

"सकाळी तिच्याबरोबर चहा प्यायलास. ताप कुठे होता, कपात?"

वस्तरा थांबला. "तिची नोकरी वाचवली मी. नकार लिहिला असता तर त्याच दिवशी काढलं असतं तिला. सव्वीस वर्षं झाली मला तिथे, कोण काय करतं ते मला माहीत आहे. एका पोरीच्या हट्टापायी घरातल्या दोन्ही नोकऱ्या घालवू?"

"आणि तो पोरगा?"

"आला ना तो? सुखरूप आला ना?"

गोडबोल्या बोलला असं वाटलं क्षणभर. आवाज तेवढा माझ्या घरातला.

रात्री नातीशी मीच बोलले. म्हटलं, चुकलं माझं. आयुष्यात फार कमी वेळा म्हटलंय, त्यामुळे नीट जमलं नाही. ती म्हणाली, "आजी, तू एकटी सांगून उपयोग नाही. म्हणतील, नातीसाठी बोलतेय. बाबा बोलले तरच." मग म्हणाली, "पण ये तू."

१७ डिसेंबर, बुधवार

गेले. चांगली साडी नेसून. खोटं कबूल करायला जाताना तरी नीटनेटकं असावं.

तपासनीस वाळलेल्या शेंगेसारखा, पण कान जागेवर असलेला माणूस. त्याच्या समोर गोडबोल्या, बाजूला कंपनीचा वकील, भिंतीशी सहा पायलट. माझा मुलगा रजिस्टर मांडीवर घेऊन.

मी सांगितलं — मंगळवारी फोन आला, पोरगी ठणठणीत होती, ताप मी आणला.

वकील हसला. "आजी, शिक्षण किती आपलं?"

"चौथी. पण खोटं बोलायला तेवढं पुरतं. तुम्हाला किती लागलं?"

तपासनीसाने कागदात तोंड घातलं. खांदे हलत होते त्याचे.

"थर्मामीटर लावला होता?" वकील.

"ताप असता तर लावला असता."

"म्हणजे ताप नव्हता हेही तुम्ही नक्की सांगू शकत नाही!"

घ्या! वीस वर्षं शिकून माणूस इथवर पोचतो.

मग गोडबोल्या मधाळ आवाजात म्हणाला, आजींची माया आम्ही समजू शकतो, नातीसाठी कुठलीही आजी हेच सांगेल. तपासनीसाने मुलाला विचारलं, "नोंद करताना कॅप्टन आजारी नाहीत हे आपल्याला माहीत होतं?"

सहा जण बघत होते. नात बघत नव्हती, तिने नजर खिडकीबाहेर लावली होती. बापाला अडचण नको म्हणून. एवढी माया तिच्यात कुठून आली कोण जाणे, माझ्याकडून तर नाही.

मुलगा म्हणाला, "मला फोनवर जे सांगण्यात आलं ते मी लिहिलं."

सांगण्यात आलं! आईने सांगितलं म्हणायलाही जीभ वळली नाही.

तपासनीस म्हणाला, पाच नोंदी आहेत, पण कंपनी म्हणते सहांनी संगनमत केलं आणि सहावीने आजारी असल्याचं खोटं सोंग केलं, म्हणून सगळ्यांचाच शब्द संशयाखाली येतो. तेवीसला पुन्हा बसू. काही ठोस असेल तर आणा.

१८ डिसेंबर, गुरुवार

नातीला घरी बसवलं. कारण — 'आजारपणाबाबत दिशाभूल'. बर्फाचा रकाना नाही, पण दिशाभुलीचा बरोबर सापडला.

२० डिसेंबर, शनिवार

पाचही जण घरी आले होते. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर, टक्कल पडलेला, त्याला सगळे काका म्हणतात, तो तोच जो फोनवर घाबरलीस म्हणाला होता. नातीसमोर येऊन म्हणाला, "माझी चूक झाली, पोरी." असं छान, एका दमात! मला शिकायला हवं.

गोडबोल्याने त्यांना सांगितलंय, पत्र मागे घ्या, तिलाही परत घेतो. म्हणजे पोरीला ओलीस ठेवलं. दोघं डळमळत होते. काकांच्या मुलीचं लग्न आहे, एकाने नुकतं घर घेतलंय. नात म्हणाली, "माझ्यासाठी मागे घेणार असाल तर चहा पिऊ नका, उठा."

कुणी उठलं नाही. चहा दोनदा झाला.

मुलगा घरातच होता, आतल्या खोलीत. बाहेर आला नाही. मी त्याचा चहा नेऊन ठेवला. गार झालेला परत आणला. खोलीत रेडिओ नाही, पुस्तक नाही. नुसता बसला होता, मांडीवर हात ठेवून. म्हटलं तब्येत बरी आहे ना? 'ताप आहे का' असं विचारणार होते, पण राहू दिलं.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी लवकर गेला, जेवायला आला नाही. उद्याची ड्यूटी लावायची असेल. आमचा मुलगा कामाला कधी चुकत नाही हो!

२३ डिसेंबर, मंगळवार

कंपनीत ड्यूटीचे सगळे फोन टेप होतात आणि पंधरा दिवसांनी पुसले जातात, हे मला आज कळलं. त्या फोनचा आज चौदावा होता. टेप मुलानेच आणली. तपासनीसासमोर ठेवली आणि म्हणाला, लावा.

आधी मी. एकशे एक! किती ठसक्यात. मग मी फोन ठेवल्याचा आवाज, पण मुलाकडचा चालूच. शेजारच्या टेबलावरच्याला तो सांगतोय : "वर फार वाईट आहे आज. त्या विमानाचं काही खरं नाही. माझी पोरगी सुटली. तो बाहेरचा पोरगा आहे ना, त्याला लाव."

तपासनीसाने विचारलं, आवाज कुणाचा?

"माझा."

तिन्ही विमानं आजपासून बंद, पट्ट्या बदलेपर्यंत. त्याची नोकरीही बंद. घरी आल्यावर नात त्याला एवढंच म्हणाली, "बाबा, त्या मुलाला फोन करा."

तासभर झाला, फोन हातात घेऊन बसलाय. अजून लावलेला नाही.